बलूनवरच्या कॅमेऱ्याने निशादीप्त ढग कसे मोजावेत

डिसेंबर २०१२च्या अखेरीस अंटार्क्टिकावरून एक भलंमोठं बलून सुटलं. त्याला टांगलेली दुर्बीण ढगांसाठी नव्हतीच. विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेलं सूक्ष्मलहरी प्रारण तपासणारा तो 'ईबेक्स' नावाचा प्रयोग होता. दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे हे कळावं म्हणून तिच्यासोबत ताऱ्यांचे फोटो काढणारे कॅमेरे होते. पुढे ते फोटो तपासताना ताऱ्यांच्या आसपास बारीक सुरकुत्या दिसल्या. त्या सुरकुत्या म्हणजे ८० किलोमीटरांहून उंचावरचे बर्फाचे ढग, म्हणजेच निशादीप्त ढग होते. एकाचं काम करायला गेलेल्या कॅमेऱ्याने दुसऱ्याचंच काम करून ठेवलं होतं.

मग खास त्यासाठीच मोहीम आखली गेली. ८ जुलै २०१८ रोजी स्वीडनमधल्या एसरेंज तळावरून नासाचं 'पीएमसी टर्बो' बलून सुटलं आणि पाच दिवस पश्चिमेकडे सरकत कॅनडाच्या उत्तर भागात उतरलं. त्यावरच्या सात कॅमेऱ्यांनी सुमारे ६० लाख फोटो काढले. विदा (डेटा) भरली १२० टेराबाइट.

एवढा पसारा विद्यार्थ्यांच्या गटाला किंवा हौशी मंडळींना झेपणारा नाही. पण रबरी फुगा, किलोभराचा डबा आणि एक चांगला कॅमेरा एवढ्यावरही मोजमाप होतं. अट एकच: फोटो सुंदर आला की काम झालं, असं समजायचं नाही. कोणत्या क्षणी, कुठून आणि कोणत्या दिशेला बघताना तो टिपला हे सांगता येत नसेल, तर तो भिंतीवर लावायचा फोटो, निरीक्षण नव्हे. पुढची सगळी तयारी या एका अटीभोवती फिरते.

आधी ढग निवडा

'उंचावरचे ढग' म्हणताना तीन अगदी वेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. तंतुमेघ, म्हणजे सिरस, साधारण ६ किलोमीटरांपासून तपांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या, माथ्यापर्यंत असतात. विषुववृत्ताच्या बाजूला तो माथा १६-१८ किलोमीटरांवर जातो. त्यावरचा थर स्थितांबर; तिथले ध्रुवीय स्थितांबरी ढग १५ ते २५ किलोमीटरांवर, हिवाळ्यात तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेलं की बनतात. आणि निशादीप्त ढग स्थितांबराच्याही वरच्या मध्यांबरात, सुमारे ८२-८३ किलोमीटरांवर.

पहिल्या दोन्हींमधून रबरी फुगा आरपार जातो. तिथे प्रश्न कणांचा असतो: बर्फाचे स्फटिक किती मोठे, कोणत्या आकाराचे. दुरून काढलेल्या फोटोत ते दिसत नाहीत, म्हणून तेल लावलेल्या फिल्मवर कण पकडून सूक्ष्मदर्शी कॅमेऱ्याने टिपणारी उपकरणं बलूनवरून पाठवतात. जपानमध्ये विकसित झालेलं 'हायव्हिस' हे कण फिल्मवर धरून टिपणाऱ्या उपकरणांपैकीच. तो वेगळा विषय आहे, त्याला हात लावत नाही.

इथे आपण निशादीप्त ढगांचं बघू. बलून त्यांच्यापर्यंत पोचत नाही, खूप खालूनच त्यांच्याकडे बघतं. तरी फायदा होतो. ३० किलोमीटरांवर हवेचा जवळपास ९९ टक्के भाग पायाखाली राहतो, साधे ढग आड येत नाहीत आणि आकाशाची स्वतःची उजळी कमी झाल्यामुळे फिकट ढगही उठून दिसतो. अर्थात जमिनीवरून एकदाही हे ढग टिपले नसतील तर आधी दोन-चार रात्री तिपाई लावून बसा. फुगा त्यानंतर.

सूर्य क्षितिजाखाली किती अंश?

हे ढग म्हणजे १०० नॅनोमीटरांहून बारीक बर्फकण. ते दिसतात कारण जमिनीवर अंधार पडला तरी त्या उंचीवर ऊन असतं. उत्तर गोलार्धात मेअखेर ते ऑगस्टमध्य हा त्यांचा हंगाम. ऐन उन्हाळ्यात मध्यांबराचा माथा वर्षातला सर्वांत थंड होतो, उणे १२० अंशांच्याही खाली जातो, म्हणून. साधारण ५० ते ६५ अंश अक्षांशांमधून ते चांगले दिसतात, सूर्य क्षितिजाखाली ६ ते १६ अंश असताना.

बलूनसाठी हा हिशोब थोडा बदलतो. ३० किलोमीटरांवरून क्षितिज सुमारे ५.६ अंश खाली झुकलेलं दिसतं. म्हणजे जमिनीवर सूर्य मावळून तो ५.६ अंश खाली जाईपर्यंत डब्यावर ऊन पडत राहतं आणि भिंगात चकाकी येते. ८२ किलोमीटरांवर हाच कोन ९.२ अंश आहे. सूर्य त्याहून खाली गेला की डोक्यावरचा ढग सावलीत जातो, उत्तरेकडचा मात्र उजळलेला राहतो. प्रत्यक्षात खालची दाट हवा प्रकाश अडवत असल्याने ही मर्यादा थोडी आधीच येते. तेव्हा सूर्य ७ ते १० अंश खाली असताना फुगा वर असला पाहिजे.

२१ जूनच्या आसपास ५७ अंश अक्षांशावर मध्यरात्री सूर्य ९.६ अंश खाली असतो. ६० अंशांवर तो जेमतेम ६.६ अंश खाली जातो. ही मध्यरात्र सूर्याची, घड्याळाची नव्हे. दोन्हींत तासाभराचा किंवा त्याहून जास्त फरक पडू शकतो, म्हणून त्या जागेच्या रेखांशावरून ती काढून घ्या.

फुग्याचं गणित

१,२०० ग्रॅमचा हवामानाचा फुगा, १ किलो टांगलेलं वजन आणि वर चढण्यासाठी साधारण १ किलो मोकळा उठाव (वजन पेलून उरणारा जोर) असा हिशोब धरा. सगळं मिळून ३.२ किलो उचलायचं. जमिनीलगत १ घनमीटर हेलियम सुमारे १ किलो उचलतो, म्हणजे ३.१ ते ३.२ घनमीटर वायू लागेल. फुगा सुटताना साधारण १.८ मीटर व्यासाचा असेल आणि सेकंदाला ५ मीटर वेगाने चढेल. ८.६ मीटरांपर्यंत फुगून तो सुमारे ३३ किलोमीटरांवर फुटेल. एकूण वेळ ११० मिनिटं.

त्यातला कामाचा वेळ किती? २५ किलोमीटरांच्या वर फुगा जेमतेम २७ मिनिटं असतो. म्हणून सौर मध्यरात्रीच्या दोन तास आधी सोडायचा. अर्धा तास उशीर झाला की सूर्याचा हिशोब सरकतो आणि बदलणारे वारे डबा भलत्याच रानात नेऊन टाकतात.

'वायू जास्त भरू, भरभर चढेल' हा मोह आवरा. जास्त वायू म्हणजे लवकर फुटणं, खालच्या उंचीवर फुटणं. उठाव डोळ्यांनी नाही, तराजूने मोजा: फुग्याच्या मानेला पाण्याने भरलेली बाटली नेमकं वजन करून बांधायची आणि ती तरंगायला लागली की भरणं थांबवायचं. रबराला उघडे हात लावू नका, सुती हातमोजे घाला. हाताचं तेल आणि नखाचा ओरखडा या दोन्हींचे परिणाम वीस किलोमीटरांवर दिसतात.

परवानगी

मोकळ्या बलूनांचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत आणि देशोदेशीचे नियम त्यावरच बेतलेले असतात. एकूण ४ किलोंहून कमी वजन, लहान आकारात फार वजन दाटलेला गठ्ठा नाही आणि दोरी २३० न्यूटनांपेक्षा कमी जोरात तुटणारी, असा प्रकार सहसा 'हलका' धरला जातो. हलका म्हणजे विनापरवाना असं मात्र नाही. विमान वाहतूक प्राधिकरणाची लेखी परवानगी, वैमानिकांसाठीची सूचना आणि रेडिओच्या वारंवारितेची मुभा ही तीन कागदपत्रं हातात आल्याशिवाय हेलियमची टाकी मागवू नका. उड्डाण सीमेजवळून असेल तर शेजारच्या देशाचाही प्रश्न येतो.

कॅमेरा: इथेच उड्डाण जिंकतं किंवा हरतं

बहुतेक जण आधी लांब भिंगाकडे वळतात. ढग दूर आहे, मग जवळ ओढून घेऊ. हिशोब करून बघू.

बलून ३० किलोमीटरांवर, ढग ८२ वर. क्षितिजापासून ३० अंश वर पाहिलं तर तिरकं अंतर सुमारे १०४ किलोमीटर. सेन्सरचा पिक्सेल ४ मायक्रॉनचा असेल, तर ५० मिलिमीटर भिंगाने त्या अंतरावर एका पिक्सेलमध्ये ८ मीटर मावतात. ८ मिलिमीटर भिंगाने ५२ मीटर. कागदावर लांब भिंगच सरस दिसतं.

आता डबा फिरतो हे लक्षात घ्या. संधिप्रकाशात हे ढग फिकट असतात. जमिनीवरून तिपाईवर एफ २.८ (भिंगाचं छिद्र), आयएसओ ४०० (सेन्सरची संवेदनशीलता) आणि दोन सेकंद, असं काहीसं लागतं. एफ १.८ आणि आयएसओ ६,४०० केलं तरी सेकंदाचा विसावा भाग हवाच. त्या वेळात डबा सेकंदाला १० अंश वेगाने फिरत असेल, तर ८ मिलिमीटर भिंगातही चित्र १७ पिक्सेल फरपटतं. ५० मिलिमीटर भिंगात शंभराहून जास्त. वेग सेकंदाला १ अंशावर आणला तर रुंद भिंगात दोनाहून कमी पिक्सेल, लांब भिंगात तरीही अकरा. म्हणून लहान फुग्यासाठी रुंद आणि उजळ भिंग हेच योग्य. लांब भिंगं पीएमसी टर्बोसारख्या जड, स्थिर आणि भर दिवसा काम करणाऱ्या यंत्रणेची.

फिरणं कमी कसं करायचं? डबा एका दोरीला टांगू नका. वर एक आडवी काठी घ्या, तिच्या दोन टोकांपासून डब्याच्या दोन कोपऱ्यांना दोऱ्या द्या आणि फुग्याच्या बाजूला घर्षण नसलेली भिंगरी लावा. दोरी दहा मीटरांची ठेवली तर झोक्याचा काळ सव्वासहा सेकंदांचा होतो, हा संथ झोका परवडतो. तरीही डबा पिळतो: आधी एका बाजूला, मग थबकून उलट्या बाजूला. ते थबकणं म्हणजे आपली संधी. त्या क्षणी फिरण्याचा वेग शून्याजवळ असतो. म्हणून सेकंदाला दोन फ्रेम सतत घ्या, जोडीला फिरण्याचा वेग मोजणाऱ्या जायरोस्कोपची नोंद ठेवा आणि थबकलेल्या क्षणांच्या फ्रेम नंतर वेचून काढा. २७ मिनिटांत सव्वातीन हजारांच्या आसपास फ्रेम होतात. डब्याचं तोंड कधी उत्तरेला, कधी भलतीकडे असेल. ७९ अंशांचा रुंद पट्टा टिपणारं भिंगही सगळ्या दिशांपैकी साधारण पाचवा हिस्साच बघतं. वजन बसलं तर दुसरा कॅमेरा उलट्या दिशेला लावा. दोनशे चांगल्या फ्रेम मिळाल्या तर उड्डाण यशस्वी समजा.

कॅमेरा किती वर रोखायचा? १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच्या सेन्सरवर ८ मिलिमीटर भिंग उभ्या दिशेत ५७-५८ अंश टिपतं. मध्य २० अंश वर ठेवला तर चौकट उणे ९ पासून ४९ अंशांपर्यंत जाते. म्हणजे खाली झुकलेलं क्षितिज फ्रेमच्या तळाशी येतं. ते मुद्दाम हवं आहे, का ते पुढे येईलच.

बाकीच्या गोष्टी पटकन. रॉ फाइल, जेपेग नको. एक्सपोजर, गेन आणि रंगसंतुलन हाताने ठरवलेलं. फोकस ताऱ्यावर साधून कडं चिकटपट्टीने पक्कं केलेलं. प्रतिमा स्थिर करणारी आतली यंत्रणा बंद, कारण ती फ्रेमागणिक भूमिती बदलते. आदल्या रात्री त्याच मांडणीत ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचे फोटो घ्या. भिंगाचं वाकणं त्यावरूनच दुरुस्त करायचं आहे.

डबा, थंडी आणि दव

डब्याच्या भिंती दोन-तीन सेंटिमीटर जाड फोमच्या असाव्यात. चढताना सर्वांत थंड पट्टा वाटेत लागतो, उणे ५५-६० अंशांचा. ३० किलोमीटरांवर तापमान उलट उणे ४५ च्या आसपास येतं. अल्कलाइन सेल तिथे मान टाकतात. एकदाच वापरायचे, उणे ४० पर्यंत चालणारे लिथियम सेल घ्या. पातळ हवेत उष्णता वाहूनही जात नाही, त्यामुळे बाहेर कडाका असताना आतला प्रोसेसर तापू शकतो. त्याला ॲल्युमिनियमच्या पट्टीने डब्याच्या एखाद्या भिंतीशी जोडा.

माझं पहिलं उड्डाण थंडीने नाही, दवाने घालवलं. डबा गरम खोलीत जोडला, तिथलीच दमट हवा आत बंद केली, आणि आठ किलोमीटरांनंतरच्या प्रत्येक फ्रेममध्ये खिडकीच्या काचेवर फर्नच्या पानांसारखी हिमाची नक्षी. दिसायला फारच सुंदर होती. तेव्हापासून डबा बंद करण्याआधी चार तास सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत ठेवतो, खिडकीची काच दुहेरी घेतो आणि काचेच्या कडेने रोधकांची (रेझिस्टरांची) माळ लावून एक-दोन वॉट उष्णता देतो.

घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, डबा पूर्ण तीन तास चालवून बघा. कार्डावर शेवटची फ्रेम आली आहे का, आणि फोकस हलला आहे का, एवढंच तपासायचं. शक्य असेल तर कोरड्या बर्फासोबत हीच चाचणी उणे ७८ पर्यंत करा, मात्र हवेशीर जागेत आणि जाड हातमोजे घालून.

माग

जीपीएस विकत घेताना एक प्रश्न विचाराच: १८ किलोमीटरांच्या वर हे चालतं का? अनेक रिसीव्हर तिथे गप्प होतात. काहींना 'हवाई' पद्धतीवर टाकावं लागतं, आणि वीज गेली की ते पुन्हा मूळ पद्धतीवर येतात, म्हणून प्रत्येक वेळी सुरू होताना ही सूचना प्रोग्रामनेच द्यायला हवी. मोबाइलवर भिस्त ठेवू नका, वर त्याला नेटवर्क नसतं. रेडिओवरून स्थान पाठवणारा ट्रॅकर आणि त्याच्या जोडीला स्वतंत्र बॅटरीवरचा दुसरा, असे दोन हवेत.

पॅराशूट १ किलोच्या डब्यासाठी साधारण १ मीटर व्यासाचं, म्हणजे जमिनीवर टेकताना वेग सेकंदाला ५ मीटरांच्या आसपास राहतो. उतरण्याची जागा वाऱ्याच्या अंदाजावरून आदल्या दिवशी, मग सहा तास आधी, मग निघताना अशी तीनदा काढा. तिन्ही अंदाज एकमेकांपासून दूर पडत असतील, किंवा पाणी, शहर, विमानतळ यांच्या जवळ येत असतील तर उड्डाण रद्द. शोधपथक मध्यरात्री अनोळखी रानात फिरणार आहे, हे विसरू नका.

ताऱ्यांनी फ्रेम बांधून घेणं

डबा सापडला, कार्ड निघालं. आता खरं काम.

पहिली गोष्ट, घड्याळावर दिशा ठरवू नका. सेकंदाला १० अंश फिरणाऱ्या डब्यात वेळेची दशांश सेकंदाची चूक म्हणजे १ अंशाची चूक, आणि ढगाच्या अंतरावर ती जवळजवळ २ किलोमीटर भरते. दिशा फ्रेममधूनच काढायची. क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याचा कल सांगते: ती किती तिरकी आणि किती खाली आहे, त्यावरून दोन कोन मिळतात. तिसरा कोन, म्हणजे कॅमेरा उत्तरेपासून किती वळला आहे, तो ताऱ्याने द्यायचा.

इथे आकाश मेहेरबान आहे. जूनअखेरच्या सौर मध्यरात्री ५७ अंश अक्षांशावर ब्रह्महृदय (कॅपेला) हा तारा उत्तर क्षितिजापासून साधारण १३ अंश वर असतो, उत्तरेच्या किंचित पूर्वेला. निशादीप्त ढगही तिथेच असतात. आकाशातला एक अतितेजस्वी तारा नेमका त्याच पट्टीत लटकलेला मिळतो आणि सेकंदाच्या विसाव्या भागातही तो ठिपका म्हणून उमटतो. फ्रेममध्ये आणखी दोन-तीन तारे ओळखू आले तर सोन्याहून पिवळं. ताऱ्यांवरून दिशा काढणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. नाही आले तरी क्षितिज आणि ब्रह्महृदय पुरतात. त्यासाठीच कॅमेरा २० अंशांवर ठेवला होता.

त्यानंतर प्रत्येक पिक्सेलची दिशा ८२ किलोमीटरांच्या गोलावर टाकून नकाशा बनवा. पृथ्वीची गोलाई धरा, कमी कोनांवर ती दुर्लक्षून चालत नाही. ढगाची उंची गृहीत धरायची नसेल, तर त्याच वेळी जमिनीवर तीस-चाळीस किलोमीटर दूर दुसरा कॅमेरा लावा आणि ढगातली एकच गाठ दोन्हींत ओळखा. जर्मन खगोलशास्त्रज्ञ ऑटो येसे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिन परिसरातल्या जमिनीवरच्या कॅमेऱ्यांनी हेच केलं आणि ८२ किलोमीटर उत्तर काढलं; ते आजही टिकून आहे.

एक सुरकुती मोजून बघू

समजा ३० अंश उंचीवर समांतर पट्ट्यांची रांग दिसते आणि दोन पट्ट्यांमध्ये ४० पिक्सेल आहेत. ८ मिलिमीटर भिंग आणि ४ मायक्रॉन पिक्सेल म्हणजे एका पिक्सेलचा कोन अर्धा मिलिरेडियन, म्हणजे रुंदी अंतराच्या दोन हजाराव्या भागाइतकी. चाळीसांचे वीस मिलिरेडियन. १०४ किलोमीटरांवर हे २.१ किलोमीटर होतात. पट्ट्या डावीकडून उजवीकडे ओळीने लागलेल्या असतील तर हेच उत्तर. त्या आपल्यापासून दूर जाणाऱ्या रांगेत असतील तर तिरकेपणामुळे आखडलेल्या दिसतात: ३० अंशांच्या साइनने, म्हणजे अर्ध्याने भागा, उत्तर ४.२ किलोमीटर. नकाशावर टाकल्यावर हे आपोआप होतं, पण एकदा हाताने केलं की नकाशाची चूक लगेच कळते.

काही किलोमीटरांच्या अशा वळ्या बहुधा वाऱ्याच्या दोन थरांच्या घासण्यातून येतात. केल्व्हिन-हेल्महोल्ट्झ अस्थिरता म्हणतात ती. दहापट रुंद पट्टे दिसले तर ते सहसा गुरुत्व तरंग. कृष्णविवरांच्या टकरीतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींशी त्यांचा काही संबंध नाही. डोंगर किंवा वादळ यांनी ढकललेली हवा खाली-वर डोलत वर चढते, तेच हे तरंग. नावाच्या साधर्म्यामुळे दर वेळी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच.

वेग काढताना पाच मिनिटांच्या अंतराच्या दोन फ्रेम घ्या. दिशेत दशांश अंशाची चूक असेल तर आडव्या दिशेत १८० मीटरांची चूक होते, म्हणजे वेगात सेकंदाला साधारण १ मीटर. त्यासाठी बलूनची स्वतःची जागा दोन्ही वेळी जीपीएसवरून घ्यायलाच हवी, कारण उन्हाळ्यात स्थितांबरातला वारा पूर्वेकडून वाहतो आणि फुगा पश्चिमेला सरकत असतो. मिळालेला वेग आकृतीचा आहे, हवेचा असेलच असं नाही. तरंग हवेतून पुढे-मागे सरकतो, म्हणून नोंदीत 'वारा' न लिहिता 'आकृतीचा वेग' लिहा.

ज्या फ्रेममध्ये काहीच दिसलं नाही, त्याही ठेवा, मात्र कोणत्या दिशा आणि किती उंचीचा पट्टा चौकटीत आला होता हे सोबत नोंदवून. 'उत्तरेला १० ते ४० अंशांत ढग नव्हता' हे निरीक्षण आहे. 'काही मिळालं नाही' हे नाही.